स्पाउस व्हिसावर जर्मनीत आले आणि माझी पत्रंच गायब: माझा अनुभव

मी अमळनेरची, नवरा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) म्हणून मला व्हिसासाठी ए१ची, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पातळीची परीक्षा लागली नाही, आणि तेच नंतर भोवलं, कारण इथं आल्यावर एक अक्षर कळेना. पोचल्यावर 14 दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो, तो नोंदवला. त्यानंतर 11 आकडी टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो. आमच्याकडे महिना झाला तरी काहीच नाही! बँकेच्या कार्डाचा पिनही नाही. नवरा रोज म्हणे येईल येईल.

एकदा आईशी व्हिडिओ कॉल करता करता खाली टपालपेटी बघायला गेले, तर ती म्हणते, "यावर तर फक्त जावईबापूंचं आडनाव आहे, तुझं कुठंय वं?" अरे देवा. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, आणि इथं पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र सरळ परत पाठवतो, फ्लॅट नंबर वगैरे पत्त्यात सहसा नसतोच.

त्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर पासपोर्टसारखंच नाव लावलं, कागद आणि चिकटपट्टी, बस. टॅक्स नंबर ऑनलाइन फॉर्म भरून परत मागवला, तो फोनवर सांगत नाहीत, पुन्हा पोस्टानेच येतो. तीन आठवड्यांत आला. नोकरी लागली आणि हा नंबर दिला नाही तर सहाव्या वर्गाचा टॅक्स कापतात, म्हणजे सगळ्यात जास्त.

आता भरताची वांगी भाजताना स्मोक अलार्म वाजतो, त्यावर उपाय शोधतेय.