पीसीआरला बँड आला नाही? थांबा, लगेच परत लावू नका

दरवर्षी एमएस्सीची नवीन पोरं लॅबमध्ये आली की आठवड्याभरात हा डायलॉग ऐकू येतोच, "बँडच नाही आला, परत लावू का?" नका लावू. (पीसीआर म्हणजे ट्यूबमध्ये डीएनएच्या एका तुकड्याच्या भरपूर कॉपी करणं. मग त्या जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या लादीतून, करंट लावून पळवतात, आणि तिथे दिसणारी रेघ म्हणजे बँड.) काय चुकलं ते कळलं नसेल तर तेच परत चुकणार आणि वर एन्झाइम वाया. मीही सुरुवातीला तीन आठवडे हेच केलंय म्हणून सांगते.

आधी जेलवर लॅडर, म्हणजे लांबी माहीत असलेल्या डीएनए तुकड्यांची रांग, दिसतोय का बघा. लॅडरच नाही म्हणजे पीसीआरला शिव्या घालायचं कारण नाही, गडबड बहुतेक जेलमध्येच आहे. स्टेन (डीएनए दिसावा म्हणून टाकतात तो रंग) टाकायचा राहिला, किंवा वायर उलट्या लावल्या. डीएनए निगेटिव्ह असतो, तो पळतो लाल वायरकडे, म्हणून वेल (सँपल भरायचे खड्डे) काळ्या वायरच्या बाजूला पाहिजेत. मी एकदा उलटं लावून निवांत चहाला गेले, चाळीस मिनिटांनी येऊन बघते तर जेल कोरं करकरीत, सगळं सँपल वरच्या कडेने बफरमध्ये (जेलभोवतीच्या द्रवात) गेलेलं. आता करंट चालू केला की पाच मिनिटं तिथेच उभी राहते, तारेवरून बुडबुडे येतायत का आणि निळा डाय योग्य दिशेला सरकतोय का एवढं बघते, मग काय तो चहा.

लॅडर आहे पण पॉझिटिव्ह कंट्रोललाही (ज्यात बँड यायलाच हवा अशा ट्यूबला) बँड नाही, तर रिॲक्शन बनवतानाच काहीतरी राहिलंय. (कंट्रोल लावलाच नव्हता? मग पुढचं वाचून उपयोग नाही, आधी तो लावा.) इथे माझा पहिला संशय पिपेटवर (थेंबभर द्रव मोजून उचलायचं साधन), म्हणजे खरं तर पिपेट धरणाऱ्यावर. बटण दाबताना एक स्टॉप लागतो, अजून दाबलं की दुसरा. ओढताना पहिल्याच स्टॉपपर्यंत दाबायचं, दुसरा फक्त टिपमधलं शेवटचं बाहेर ढकलायला. मी ओढतानाच दुसऱ्यापर्यंत दाबत होते आणि मला वाटायचं प्रायमर (कॉपी कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) खराब आहेत! शेवटी आमच्या एका सीनियर ताईने मला वजनकाट्यासमोर बसवलं आणि १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा टाकायला लावलं. दर वेळी ०.१ ग्रॅम यायला हवं, माझं कधी ०.१२ कधी ०.१३. काही न बोलता ती निघून गेली, बोलायची गरजच नव्हती. तुम्हीही हे एकदा करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट, बफर आणि मॅग्नेशियम फ्रीझरमधून काढलं की पूर्ण वितळू द्या आणि नीट हलवून घ्या, नाहीतर मीठ खाली बसलेलं असतं आणि तुम्ही वरचं पातळ उचलता. एन्झाइम ग्लिसरॉलमध्ये असतं, टिप त्यात खोल बुडवली तर बाहेरूनही चिकटून येतं, म्हणून टोकच टेकवायचं आणि हळू ओढायचं. दहा ट्यूब असतील तर मास्टर मिक्स (सगळ्या ट्यूबना लागणारं सामायिक मिश्रण) अकराचा बनवा, शेवटच्या ट्यूबला कमी पडतंच.

लेबल झाकणावर लिहा आणि १, २, ३ असं नुसतं नको, तारीख पण टाका. इथेनॉलने पुसलं की मार्कर गेला, मग सगळ्या ट्यूब सारख्याच दिसतात.

आता उलटा केस, निगेटिव्ह कंट्रोलमध्येच बँड. यात डीएनएच्या जागी फक्त पाणी असतं, तरी बँड आला म्हणजे कशात तरी डीएनए गेलाय, आणि त्या दिवशीचे बाकीचे बँड कितीही छान दिसले तरी मोजायचे नाहीत. पोरं हे लपवतात, फोटोतून ती लेन कापून टाकतात, प्लीज नका करू. एकेक गोष्ट नवीन घेऊन बघा, सुरुवात पाण्यापासून. मोठी बाटली सगळ्यांनी वापरण्यापेक्षा छोट्या ट्यूबमध्ये भरून ठेवा, आणि जुनं सरळ ओतून द्या, जीव कसला अडकवताय, पाणीच आहे ते.