नवी गाडी, तोच बिघाड: वॉरंटीत असताना या चुका टाळा

लातुरात गाड्यांच्या वायरिंगचे आणि इलेक्ट्रिकचे काम करताना माझ्याकडे असे अनेक मालक येतात, ज्यांची गाडी जेमतेम वर्षाची असते, शोरूमच्या वर्कशॉपमध्ये अनेकदा जाऊन आलेली असते आणि तरीही मूळ बिघाड जिथल्या तिथे असतो. वॉरंटीतील गाडीच्या वायरिंगला मी हात लावत नाही. त्यामुळे काही जण नाराज होऊन परत जातात; परंतु बाहेरच्या मिस्त्रीने एक जोड जरी उघडला, तरी पुढे वॉरंटी नाकारायला निमित्त मिळते. मी त्यांच्याजवळचे कागद तेवढे मागतो. बिघाड इतके दिवस का सापडला नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा त्या कागदांतच असते.

सर्वांत महाग पडणारी चूक जॉबकार्डावर होते. मालक काउंटरवर उभा राहून दहा मिनिटे तळमळीने सगळे सांगतो, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर मान हलवतो आणि कार्डावर ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम, चेक करणे’ एवढेच लिहितो. मालक न वाचता सही करतो. आत गाडीवर काम करणारा टेक्निशियन मालकाला कधीही भेटत नाही. त्याच्या हातात फक्त ते कार्ड येते आणि कार्डावर जे आहे तेवढेच तो तपासतो. वर्कशॉपमध्ये दिवसाला किती गाड्या उभ्या असतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला यात टेक्निशियनचा फारसा दोष दिसणार नाही.

अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयातील प्राध्यापकांची पेट्रोल गाडी याच कारणाने जवळजवळ विक्रीला निघाली होती. उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरकडे जाताना केज सोडून मांजरसुंब्याच्या पुढे आले की चालती गाडी अचानक बंद पडायची. सेल्फ मारला की इंजिन फिरायचे, पण चालू व्हायचे नाही. आणि अर्धा तास सावलीत थांबले की काहीच घडले नसल्यासारखी सुरू व्हायची. वर्कशॉपमध्ये प्रत्येक वेळी गाडी संध्याकाळी सोडली जायची, रात्रभर थंड व्हायची आणि सकाळी शहरातल्या शहरात एक फेरी मारून ‘तपासणी केली, ओके’ असा शेरा पडायचा. कार्डावर ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ लिहिलेले असल्यामुळे एकदा बॅटरी चार्ज करून दिली गेली, एकदा प्लग साफ झाले, एकदा पेट्रोलच्या दर्जाविषयी सल्ला मिळाला. गाडीला सुरू होण्याचा त्रास नव्हताच. चालताना, आणि तेही तापल्यावर, बंद पडण्याचा त्रास होता, आणि ही गोष्ट एकाही कार्डावर लिहिलेली नव्हती.

मी त्यांना घरी बसून एक परिच्छेद लिहायला सांगितला. किती अंतर गेल्यावर बंद पडते, त्या वेळी ऊन किती होते, टाकीत पेट्रोल किती होते, एसी चालू होता का, बंद पडण्याआधी झटके बसतात का, कोणता दिवा लागतो, सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो की ओढून फिरतो आणि किती वेळाने गाडी पुन्हा सुरू होते, हे सगळे त्यात आले. त्यांच्या मुलीने बंद पडलेल्या गाडीचा व्हिडिओ घेतला होता. त्यात सेल्फ फिरत असतानाही आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नव्हता. ज्याला इंजिनचे काम कळते त्याला ही खूण पुरेशी असते, कारण क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरतो आहे हे सांगणाऱ्या सेन्सरकडून संदेशच येत नसेल तर काटा हलत नाही, ठिणगी पडत नाही आणि इंधनही सोडले जात नाही. हा सेन्सर तापल्यावर दगा देतो आणि थंड झाला की पुन्हा काम करू लागतो, म्हणून सकाळच्या फेरीत तो सापडणे शक्यच नव्हते. तो परिच्छेद आणि व्हिडिओ वर्क्स मॅनेजरसमोर ठेवल्यावर त्यांनी भर दुपारी स्कॅनर जोडून टेक्निशियनला गाडीत बसवले, रस्त्यातच संदेश तुटलेला दिसला आणि सेन्सर वॉरंटीत बदलून मिळाला.

म्हणून माझा आग्रह असा आहे की तक्रार घरूनच लिहून न्यावी, तिची एक प्रत जॉबकार्डाला जोडायला लावावी, तिचे मुद्दे कार्डावर उतरले आहेत की नाही ते वाचावे, आणि सही करण्यापूर्वी कार्डाचा फोटो काढावा. त्या कागदावर लक्षणे लिहावीत, निदान लिहू नये. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून ‘अमुक सेन्सर खराब आहे, बदलून द्या’ असे लिहून आणणारे तरुण मालक हल्ली फार वाढले आहेत. तो भाग बदलला जातो, बिघाड तसाच राहतो आणि वर्कशॉपला ‘तुम्ही सांगितले तेच केले’ असे म्हणण्याची सोय होते. गाडी ताब्यात घेतानाही घाई करू नये. ज्या परिस्थितीत बिघाड येतो त्याच परिस्थितीत, शक्य तर टेक्निशियनला शेजारी बसवून, गाडी चालवून पाहावी आणि मगच समाधानाची सही करावी. तसे करणे शक्य नसेल, तर सहीजवळ ‘बिघाडाची खात्री अजून झालेली नाही’ असे हाताने लिहावे. काय तपासले, काय बदलले आणि काहीच सापडले नसेल तर ‘बिघाड आढळला नाही’, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. असा रिकामा दिसणारा शेराही पुढे फार उपयोगी पडतो.

दुसरी चूक नव्या साधनांमुळे आली आहे आणि तिच्याविषयी मला मनापासून चीड आहे. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर लोक डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये लावतात, मोबाइलवर बिघाडाचा कोड दिसला की लगेच ‘क्लिअर’ दाबतात आणि डॅशबोर्डवरचा इंजिनच्या बिघाडाचा पिवळा दिवा गेला म्हणून निश्चिंत होतात. ज्यांच्याकडे स्कॅनर नाही ते बॅटरीची निगेटिव्ह काढून थोड्या वेळाने पुन्हा लावतात. दिवा लागतो तेव्हा इंजिनचा संगणक फक्त कोड साठवत नाही. त्या क्षणी इंजिनचे तापमान किती होते, आरपीएम किती होता, गाडीचा वेग आणि इंजिनवरचा भार किती होता, याचीही नोंद तो ठेवतो. कोड पुसला की ही नोंदही जाते, आणि अधूनमधून येणाऱ्या बिघाडाबाबत तीच नोंद हाती असलेला एकमेव पुरावा असते. ‘रिसेट मारले की बरे होते’ असे सांगणाऱ्या मित्रांचे या बाबतीत अजिबात ऐकू नये. स्कॅनर असेल तर त्याने फक्त वाचावे आणि पडद्याचा फोटो ठेवावा. पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सांभाळून वर्कशॉपपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल आणि इंजिन झटके देत असेल तर गाडी बाजूला घ्यावी, कारण न जळलेले इंधन पुढे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करू शकते.

प्रत्येक दिवा हा गाडीचा दोष नसतो, हेही डिझेल गाडी घेणाऱ्यांनी समजून घ्यायला हवे. एप्रिल २०२० पासून धुरातील प्रदूषणाचे बीएस-६ हे निकष लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आला. ही काजळी जाळून टाकण्यासाठी धुराचे तापमान साधारण ५५० ते ६०० अंशांपर्यंत जावे लागते, आणि घर ते शेत, घर ते दुकान एवढ्याच फेऱ्या होत असतील तर ते तिथपर्यंत कधी पोहोचत नाही. मग दिवा लागतो, गाडी ओढत नाही आणि मालक ‘गाडीच डिफेक्टिव्ह आहे’ म्हणून भांडायला जातो. दिवा लागल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग, एका वेगाने गाडी चालवली की बहुतेक वेळा काम होते. ज्यांचे रोजचे धावणे पाच-सहा किलोमीटरचे आहे, त्यांनी डिझेल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या घरात कापूस किंवा सोयाबीन साठवलेले असते, तिथे उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात आणि ते नुकसान वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे तक्रार करण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहावे. बाहेरून वायर कापून बसवलेले हॉर्न, दिवे आणि कॅमेरे असतील तर इलेक्ट्रिकच्या बिघाडाची वॉरंटी हातची गेलीच असे समजावे. पेट्रोल-डिझेलच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण इंधनावर खापर फोडणे सर्वांत सोपे असते. काउंटरवर आवाज चढवून काही मिळत नाही. रागाने बँकेचे हप्ते थांबवू नयेत. कर्जाचा करार बँकेशी असतो आणि गाडीतल्या बिघाडाशी तिचा संबंध नसतो.

त्याच बिघाडासाठी गाडी वारंवार परत येत असेल, तर तोंडी बोलणे थांबवून कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल करावा, त्यात चेसिस नंबर आणि सर्व जॉबकार्डांचे क्रमांक तारखांसह द्यावेत आणि कंपनीच्या विभागीय तांत्रिक अधिकाऱ्याने गाडी पाहावी अशी मागणी करावी. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून आपल्या गाडीसाठी रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीनेच गाड्या परत बोलावणे, निघाला आहे का, तेही पाहावे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सात वर्षांच्या आतील गाडीतल्या सुरक्षेशी संबंधित दोषाची तक्रार मालकाला केंद्र सरकारच्या वाहन पोर्टलवरही नोंदवता येते.

पहिल्याच भेटीत ‘गाडी बदलून द्या’ म्हणून अडून बसणे ही घाई नुकसान करते. अमेरिकेतील राज्यांत सदोष गाड्यांसाठी स्वतंत्र कायदे आहेत, आपल्याकडे तसा कायदा नाही. आपला आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा आहे. उत्पादनातच दोष आहे हे सिद्ध करावे लागते, आणि जो दोष तपासणीशिवाय ठरवता येत नाही तो योग्य प्रयोगशाळेकडून तपासून घेण्याची तरतूद याच कायद्यात आहे. एखादा भाग बदलून दोष जात असेल तर संपूर्ण गाडी बदलून मिळणे अवघड असते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने क्लचच्या एका प्रकरणात हीच भूमिका घेतली होती. परंतु दुरुस्तीचे प्रयत्न होऊनही दोष जात नाही हे तुमच्या जॉबकार्डांच्या गठ्ठ्यावरून दिसत असेल, तर मागणीला वजन येते.

तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. न मिटल्यास, गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. गाडी पुण्यात घेतली असली तरी हिंगोलीत राहणाऱ्याला हिंगोलीच्याच आयोगात तक्रार करता येते, हे पुष्कळांना माहीत नसते. शुल्कही भिण्यासारखे नाही: ५ लाखांच्या वर १० लाखांपर्यंत २०० रुपये आणि २० लाखांपर्यंत ४०० रुपये. तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही पक्षकार करावे, नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. अनेक गाड्यांना तीन वर्षांची वॉरंटी असते, तेवढा वेळ आयोगाकडे जायलाही आहे असे धरून लोक थांबतात आणि दुसरे वर्ष उलटून गेल्यावर वकिलाकडे जातात. उशीर माफ होण्यासाठी तेव्हा वेगळा अर्ज करून सबळ कारण दाखवावे लागते. त्यामुळे गाडीला दीड वर्ष होण्याच्या आतच सर्व जॉबकार्डे तारखेप्रमाणे लावून लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी आणि तिची पोच त्याच फाइलमध्ये लावून ठेवावी.