घरासाठी चित्र घेताय? आधी भिंतीची ओल बघा

कोल्हापुरात घरातली चित्रं खराब होतात ती बहुतेक वेळा ओलीने. म्हणून चित्र बघायला बाहेर पडण्याआधी भिंत तपासा. ज्या भिंतीवर बाहेरून पावसाचा मारा बसतो, ती शक्यतो टाळा. शंका असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये फूटभर लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. दोन दिवसांनी काढताना आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. तिथे चित्र नकोच. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर तो हवेचा दमटपणा. नीट फ्रेम केलेलं चित्र तिथे चालेल.

मग माप घ्या. सोफ्याच्या वर लावायचं असेल तर फ्रेमची रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांश धरा: सहा फुटी सोफ्यावर चार फूट. एकच मोठं चित्र परवडत नसेल तर दोन मध्यम चित्रं शेजारी लावून ती रुंदी भरता येते. त्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद भिंतीवर लावून दोन-तीन दिवस राहू द्या. दुकानात मोठं वाटलेलं चित्र हॉलमध्ये पोस्टकार्डाएवढं दिसतं, ही चूक फार जण करतात.

डोळा तयार करायला टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात जाऊन कोल्हापूरचे जुने नामवंत चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं निवांत पाहा. खरेदीसाठी दसरा चौकातल्या शाहू स्मारकच्या कलादालनावर लक्ष ठेवा. कलानिकेतन, दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट इथल्या विद्यार्थ्यांची प्रदर्शनं भरतात तेव्हा जरूर जा. पहिल्या खरेदीला विद्यार्थ्याचं अस्सल चित्र हे प्रसिद्ध चित्राच्या प्रिंटपेक्षा आम्हाला केव्हाही बरं वाटतं. चित्रकाराशी थेट बोलता येतं, कागद कुठला, रंग कुठले हे विचारता येतं.

कोल्हापूरकरांचा ओढा जलरंगातल्या निसर्गचित्रांकडे, त्यामुळे कागदाची माहिती हवीच. कागद 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटनचा आणि आम्लविरहित असावा. हलका कागद पावसाळ्यात फुगतो आणि चित्रावर लाटा उठतात. चित्र प्रकाशात तिरकं धरा. अस्सल जलरंगात पेन्सिलीची रेघ कुठेतरी डोकावते आणि वॉशच्या, म्हणजे पातळ रंगाच्या थराच्या, कडेला रंग साचून गडद किनार झालेली असते. मोबाइलने अगदी जवळून फोटो काढून मोठा करा. सगळीकडे सारखे बारीक ठिपके दिसले तर ते प्रिंट आहे. कॅनव्हासवरच्या प्रिंटला कधीकधी वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले असतात. त्या फटकाऱ्यांची दिशा खालच्या झाडाच्या, पाण्याच्या आकाराशी जुळत नाही, तिथे फसवणूक उघडी पडते.

जुन्या नामवंताचं म्हणून कोणी चित्र विकत असेल तर नुसत्या सहीवर जाऊ नका. आधी कोणाकडे होतं, याची कागदपत्रं मागा. शंभर वर्षांहून जुन्या चित्राची 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदणी लागते, तीही बघा. नव्या चित्राच्या पावतीवर चित्रकाराचं नाव, साल, माध्यम, माप आणि 'मूळ चित्र' की 'प्रिंट' हे लिहून घ्या. किंमत फ्रेमसकट की फ्रेमशिवाय, हे आधीच विचारा.

बरंच नुकसान फ्रेमवाल्याकडेही होतं. हाफ इंपीरियल या नेहमीच्या मापाचा जलरंगाचा कागद 15 × 22 इंच. चारी बाजूंनी तीन इंचांचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, धरला तर 21 × 28, आणि इंचभर पट्टीची फ्रेम धरून भिंतीवर 23 × 30 इंच जागा लागते. माउंट नुसता शोभेचा नसतो. तो काच आणि कागद यांत फट ठेवतो. माउंट नसला की पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो, बुरशी धरते, आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. माउंट आम्लविरहितच मागा. साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत चित्राच्या कडेला तपकिरी रेघ उमटते. चित्र मागच्या पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने किंवा सेलोटेपने चिकटवू देऊ नका. वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी, गव्हाच्या खळीने जपानी कागदाच्या पट्ट्या लावायला सांगा. खालची बाजू मोकळी राहिली की कागद हवेप्रमाणे फुगतो-आकसतो. फ्रेमची पाठ कडेने कागदी टेपने बंद करा, नाहीतर कसर आत शिरते.

तैलचित्राला काच नको. कॅनव्हास मागून बघा: ताण सैल असेल तर लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलकेच ठोकून घ्याव्या लागतात. चित्र जाड रंगातलं आणि नवं असेल तर वार्निश सहा महिने ते वर्षभर थांबून.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 58 इंचांवर ठेवा. सोफ्याच्या वर असेल तर पाठीपासून सहा-आठ इंच अंतर पुरे. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बटणं किंवा बुचाचे तुकडे लावा म्हणजे मागून हवा खेळते. दिवाळीच्या साफसफाईत काचेवर थेट फवारा मारू नका, पाणी फ्रेमच्या खाचेतून माउंटमध्ये उतरतं. फडकं किंचित ओलं करून पुसा.