लिथॉप्स कुजत होते, तेव्हा केलेला उपाय

पुण्यातल्या बाल्कनीत लिथॉप्सची पाच रोपं आणली. दिसायला हुबेहूब गोटे: जाड, रसाळ पानांची एक जोडी आणि मधे फट. त्यातली दोन पहिल्याच पावसाळ्यात मऊ पडून गेली. तिसऱ्याच्या फटीतून नवी पानांची जोडी वर येत होती आणि मी कौतुकाने पाणी घालत बसलो! त्यामुळे जुनी जोडी सुकेचना, एकावर एक पानं चढली.

चूक तिथेच होती. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या माळावरचं हे झाड. नवी पानं जुन्या पानांतलंच पाणी शोषून वाढतात. वरून पाणी दिलं की तो हिशोबच बिघडतो.

उरलेली तिन्ही उपटली. मुळांना चिकटलेलं कोकोपीट, म्हणजे ओल धरून ठेवणारा नारळाच्या काथ्याचा भुसा, काढलं (नर्सरीवाले सगळ्यालाच ते का घालतात, कोण जाणे), चार दिवस सावलीत सुकवली. मग चाळलेली जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे मिळून तीन भाग, माती एक भाग. सोटमूळ लांब असतं म्हणून कुंडी खोल, मातीची.

जुनी पानं कागदासारखी होईपर्यंत पाणी बंद. पावसाळ्यात कुंड्या आत, खिडकीपाशी. आता कडेला सुरकुत्या दिसल्या तरच पाणी देतो. परवा एकाच्या फटीत पिवळी कळी दिसली.