क्ले नेमबाजीसाठी शॉटगन निवडताना

क्ले नेमबाजी म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवर शॉटगनने, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीने, नेम साधण्याचा खेळ. त्यासाठी बोअर (नळीच्या आतल्या रुंदीचे माप) आणि नळीची चर्चा करण्याआधी बंदूक अंगाला बसते का, हे पाहावे. शॉटगन रायफलीसारखी स्थिर धरून नेम धरण्याऐवजी उडत्या लक्ष्यामागे फिरवत डागली जाते, त्यामुळे डोळाच मागच्या साइटचे काम करतो. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि मग उघडावे. नजर नळीवरच्या पट्टीच्या रेषेत सरळ जात नसेल, तर दस्त्याची लांबी किंवा गाल टेकण्याची उंची चुकली आहे.

१२ बोअर सर्वाधिक वापरात आहे; आकडा मोठा, तितकी नळी अरुंद. हलक्या बांध्याच्या व्यक्तीला २० बोअर हाताळायला सोपी वाटते, मात्र बंदूक हलकी असली की तेवढ्याच वजनाचे छरे असलेल्या काडतुसाचा धक्का अधिक जाणवतो. ट्रॅप या प्रकारात चकती नेमबाजापासून दूर जात असल्याने ३० इंची नळी आणि घट्ट चोक (छऱ्यांचा फैलाव ठरवणारा नळीच्या तोंडाचा निमुळता भाग) उपयोगी पडतो, तर चकती जवळून जाणाऱ्या स्कीट या प्रकारासाठी मोकळा चोक घ्यावा. दोन्ही प्रकार खेळायचे असतील, तर बदलता चोक असलेली, एकावर एक नळ्यांची बंदूक मला सर्वांत सोयीची वाटते. शिकारीत दिवसभर चालावे लागते, म्हणून तिथे हलकेपणाला झुकते माप द्यावे.