कामावर अपघात झाला? भरपाई मागताना या चुका टाळा

"कायदा बदललाय, आता सगळ्यांना नवे नियम," असं समजून अर्ज करणारे सध्या बरेच भेटतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याची जागा तिने घेतली, हे खरं. पण तुम्हाला कोणता कायदा लागेल हे साधारणपणे अपघाताच्या तारखेवर ठरतं, अर्जाच्या नाही.

सगळ्यात महागात पडते ती स्टॅम्प पेपरवरची सही. दवाखान्यात असतानाच मुकादम येतो, हातावर थोडी रक्कम ठेवतो आणि 'पुढे काही मागणार नाही' असं लिहून घेतो. असा हक्क सोडून देणारा करार कायद्यापुढे टिकत नाही. तरी सही केलेला माणूस घाबरून गप्प बसतो, आणि मालकाला तेवढंच हवं असतं. मृत्यू झाला असेल तर भरपाई आयुक्तांकडे, आता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, जमा व्हायला हवी. परस्पर कुटुंबाच्या हातात दिलेली रक्कम भरपाई दिली म्हणून धरली जात नाही.

दुसरी चूक आकड्यांची. जुन्या कायद्यात ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी महिना जास्तीत जास्त १५,००० रुपये पगार धरतात. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर त्याचे ६० टक्के, मृत्यू झाला तर ५० टक्के, आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं. ४० वर्षं पूर्ण झालेल्या माणसाचा गुणक १८४.१७. म्हणजे पगार २२,००० असला तरी अपंगत्वाची रक्कम ९,००० गुणिले १८४.१७, म्हणजे १६,५७,५३० रुपये येते. मालक दोन लाखांवर मिटवू पाहत असेल तर आधी हा गुणाकार करून बघा. वयाचा पुरावाही जवळ ठेवा, कारण वय वाढेल तसा गुणक घटतो.

कामावर जाता-येताना झालेला अपघात 'तो आमचा नाही' म्हणून सोडून देऊ नका. संहितेने तो धरला आहे. जुन्या कायद्याखालीही असा अपघात बसू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. मात्र वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दाखवावा लागतो. केसपेपरवर नुसतं 'रस्ता अपघात' लिहिलं गेलं की तिथूनच अडचण सुरू होते. 'पाळी संपवून घरी जाताना' हे शब्द पहिल्याच नोंदीत यायला हवेत. वाहनाने धडक दिली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात किंवा या भरपाई कायद्याखाली, दोन्हींपैकी एकाच ठिकाणी दावा करता येतो.

पगारातून ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) हप्ता कापला जात असेल तर वाट वेगळी: अपघाताचा लाभ ईएसआयकडूनच मिळतो, मालकावर हा दावा चालत नाही.

हेल्मेट नव्हतं म्हणून काहीच मिळणार नाही, हेही अर्धवट ऐकलेलं. मुद्दाम सुरक्षा साधन काढल्याचा बचाव मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात मालकाला कामी येत नाही. आणि ठेकेदार गायब झाला तरी, काम मूळ मालकाच्या धंद्याचं असेल तर त्याला जबाबदार धरता येतं. फक्त दावा अपघातापासून दोन वर्षांत दाखल करा.