गेममधलं जग रचायला शिकायचंय? कोर्स असा पारखा

‘वर्ल्डबिल्डर’ नावाची नोकरी स्टुडिओत क्वचितच असते. गेमचं जग अनेकजण मिळून घडवतात. कॉन्सेप्ट आर्टिस्ट चित्रांतून त्याचा शोध घेतो, एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट ते थ्रीडीत उभं करतो, लेव्हल डिझायनर खेळाडूच्या वाटा आखतो आणि नॅरेटिव्ह डिझायनर त्या जगाचा इतिहास नि माणसं सांभाळतो. यातलं कोणतं काम रोज आठ तास करवेल, ते कॉलेजं शोधण्याआधी ठरवा. नकाशे, नियम, वाटा यांतच रस असेल आणि चित्र काढायचा कंटाळा असेल, तर कॉन्सेप्ट डिझाइनचा कोर्स तुमच्यासाठी नाही. तिथे गेमचा अभ्यास कमी आणि रेखाटन फार असतं.

शोधताना एकाच नावावर अडकू नका. कॉन्सेप्ट डिझाइन, म्हणजे जग आणि त्यातल्या वस्तू चित्रांतून रचणं, हाच विषय गेम आर्ट, व्हिज्युअल डेव्हलपमेंट, एंटरटेनमेंट डिझाइन अशा नावांखाली शिकवला जातो. कॅलिफोर्नियातल्या आर्टसेंटर या डिझाइन कॉलेजचा विभाग एंटरटेनमेंट डिझाइन याच नावाने ओळखला जातो. उलट, ‘गेम डिझाइन’ नावाच्या पदवीत कधी निव्वळ प्रोग्रॅमिंग निघतं.

माहितीपत्रक बाजूला ठेवून सत्रवार अभ्यासक्रम मागवा आणि तासांची बेरीज करा. पहिल्या वर्षी मानवी आकृती, पर्स्पेक्टिव्ह (जवळ-दूरचं अंतर खरं वाटेल असं रेखाटन), छायाप्रकाश आणि रंग यांना मिळून आठवड्याला आठ-दहा तास तरी हवेत. पर्स्पेक्टिव्ह कच्चं राहिलं की पुढे प्रत्येक इमारत आणि वाहन वाकडं दिसतं, ते कोणताही ब्रश झाकत नाही. विषयांची नावंच सॉफ्टवेअरवरून ‘फोटोशॉप १’, ‘माया २’ अशी असतील तर सावध व्हा. सॉफ्टवेअर बदलतं, आणि ब्लेंडरसारखं फुकट, मुक्तस्रोत थ्रीडी साधन घरीही शिकता येतं. दुसऱ्या वर्षात मात्र थ्रीडी असायलाच हवं. आजचे कॉन्सेप्ट आर्टिस्ट साधं थ्रीडी ब्लॉकिंग (ढोबळ ठोकळ्यांची मांडणी) करून त्यावर रंगवतात, त्यामुळे कॅमेरा आणि प्रकाश झटपट बदलून पाहता येतो. वास्तुकला, वेशभूषा, यंत्ररचना, भूगोल यांपैकी काही अभ्यासक्रमात दिसलं तर तो कोर्स यादीत वर घ्या. काल्पनिक शहर पटतं ते पाणी कुठून येतं आणि बाजार कुठे भरतो याचं उत्तर रेषांत असतं म्हणून.

आता सगळ्यात महत्त्वाचं: विद्यार्थ्यांचं काम. कॉलेजची शोरील (निवडक कामांची चित्रफीत) पाहून मत बनवू नका, तिच्यात अनेक वर्षांतले मोजके हुशार निवडलेले असतात. एकाच बॅचच्या दहा माजी विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ (स्वतःच्या कामाचे संग्रह) स्वतः शोधा, चांगले-वाईट न निवडता. कॉन्सेप्ट डिझाइन म्हणजे एका प्रश्नाची अनेक उत्तरं, म्हणून नुसती चकचकीत अंतिम चित्रं पुरेशी नाहीत. वीस-तीस थंबनेल (छोटी कच्ची रेखाटनं), सिल्हूटमधले, म्हणजे नुसत्या काळ्या बाह्याकारातले पर्याय, निवडलेल्या डिझाइनचा समोरून-बाजूने-मागून टर्नअराउंड, आणि ‘हा पट्टा चामड्याचा, ही कडी इथे उघडते’ असं दाखवणारं कॉलआउट शीट हे सगळं दिसतंय का? मॉडेल बनवणाऱ्याच्या हाती शेवटी हेच पडतं. ते नसेल तर कोर्स चित्रकार घडवतो, डिझायनर नाही. दहाही पोर्टफोलिओ एकाच हातचे वाटले, तर शिक्षक आपली शैली मुलांवर चढवताहेत असं समजा.

मग सांघिक प्रकल्पाकडे वळा. कितव्या सत्रात, किती जणांचा, किती आठवड्यांचा, गेम बनवण्याचं इंजिन अनरियल की युनिटी, हे विचारा. कलाकार आणि प्रोग्रॅमर एका गटात नसतील तर चित्रातल्या दरवाजामागे काय आहे हा प्रश्न मुलांसमोर कधी येतच नाही. डिजिपेन या अमेरिकेतल्या गेम-शिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये केलेला ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ हा गेम पाहून व्हॉल्व्ह या गेम कंपनीने त्या गटाला कामावर घेतलं, आणि त्यातूनच २००७ चा गाजलेला गेम ‘पोर्टल’ आला. इतकं यश दुर्मीळच, पण खेळाडूला आत चालता येईल अशी एक छोटी लेव्हल (गेमचा एक टप्पा) पूर्ण करून बाहेर पडणं अजिबात दुर्मीळ नसावं.

शिक्षकांची नावं खेळांच्या श्रेयनामावलीत शोधा. शेवटचं काम पंधरा वर्षांपूर्वीचं असेल तर पायाभूत रेखाटन ते उत्तम शिकवतील, स्टुडिओची आजची कामाची रीत कदाचित नाही. वर्गाचा आकार तर विचाराच. तीन तासांचा वर्ग म्हणजे १८० मिनिटं: १५ विद्यार्थी असतील तर प्रत्येकाच्या कामावर १२ मिनिटं, ६० असतील तर जेमतेम ३. तीन मिनिटांत ‘छान आहे, अजून कर’ यापलीकडे काय बोलणार?

पदवी की डिप्लोमा, यावर उगाच वाद होतो. स्टुडिओ पोर्टफोलिओ पाहतो. पण दुसऱ्या देशात नोकरी करायची असेल तर अनेक ठिकाणी कामाच्या व्हिसासाठी पदवी लागते किंवा निदान उपयोगी पडते. तसा बेत असेल तर डिप्लोमा घेण्याआधी तिथले नियम वाचा.

फी भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. एक, विद्यार्थ्याने केलेल्या कामाचा हक्क कोणाचा. काही संस्था प्रकल्प विकायला मनाई करतात. दुसरी, चित्र बनवणाऱ्या एआय साधनांबद्दलचा नियम. तो संस्थेकडे नसेल तर मूल्यमापनात गोंधळ ठरलेला.

प्रवेशाच्या पोर्टफोलिओत फॅन आर्ट कमी आणि प्रत्यक्ष पाहून केलेली रेखाटनं जास्त ठेवा: हात, खुर्च्या, रस्त्याचा कोपरा. सोबत स्वतःच्या एका जागेचे सलग पाच-सहा टप्पे, पहिल्या थंबनेलपासून शेवटच्या चित्रापर्यंत. फसलेले पर्यायही राहू द्या, तुम्ही काय नाकारलंत हे परीक्षकाला त्यातूनच कळतं.